तांब्याच्या घळीतली फांदी

वेंडेलीन हाल्चिनला आमच्याकडे सगळे 'दार ठोकणारा' म्हणायचे. पाठीवर लाकडी चौकट, चौकटीवर पन्नास-साठ किलोचं ओझं, आणि हा बाबा बर्फात खड्डा खणून फावड्यावर टकटक करत उभा. बाकीचे हमाल त्याला चिडवत पुढे जायचे. "काका, आत कोणी आहे का हो?" तो मान वर न करता म्हणायचा, "आहे. तुला बोलावतंय."

मी हेर्मीना. तात्रा पर्वतातल्या आमच्या डोंगरघरात सव्वीस वर्षं स्वयंपाक करते. वर मोटार येत नाही, घोडा येत नाही. बटाटा, पीठ, गॅस, बिअरचं पिंप, माझ्या गुडघ्यांचं मलम, सगळं माणसाच्या पाठीवरून येतं. हमाल आला की आधी त्याला आंबवलेल्या कोबीचं गरम सूप, मग गिऱ्हाईक. गिऱ्हाईक मंत्री असला तरी थांबेल, हमाल थांबणार नाही, हा माझा नियम. मालक बोहुश कुरकुरतो. कुरकुरू दे.

वेंडेलीन जास्त बोलत नसे. बायको अग्नेशा लवकर गेली, मूलबाळ नाही. खालच्या गावात दोन खोल्या, एक म्हातारी मांजर. पण बर्फाबद्दल विचारलं की माणूस बदलायचा. एकदा मलाच ओढत नेऊन खड्डा दाखवला. फावड्यानं कापून भिंत सरळ केलेली, कमरेएवढी खोल. "हात फिरव," म्हणाला. मी फिरवला. वर मऊ, मग घट्ट, आणि घोट्याजवळ एकदम साखरेसारखं, बोटांतून गळणारं.

"ही साखर जानेवारीची आहे," तो म्हणाला. "कडाक्याच्या थंडीत झालेली. आता तिच्यावर कितीही चांगलं बर्फ पडो, बसलंय ते साखरेवर. तू साखरेच्या पोत्यावर लादी ठेवून वर चढशील का?"

"माझं वजन काढू नकोस," मी म्हणाले.

मग त्यानं बर्फाचा वीतभर रुंद खांब चारी बाजूंनी मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि ठोकायला लागला. दहा ठोके नुसत्या मनगटातून. दहा कोपरापासून. दहा खांद्यापासून, हाताची मूठ करून. तिसातही खांब उभा राहिला तर बरं. आधीच कुठे मोडला तर कितव्या ठोक्याला मोडला आणि कसा मोडला ते बघायचं. चुरा होऊन मोडला तर एक वेळ चालेल. सुरीनं कापल्यासारखा सरकला तर घरी जा.

हे तो पहिल्यापासून करत नव्हता. एकोणीस वर्षांपासून करत होता. आमचा हमाल सिरिल गेल्यापासून.

आमच्या घराच्या आधी तांब्याची घळ लागते. दोनशे पावलं रुंद, वरून खालपर्यंत उघडी. ती आडवी ओलांडायला दहा मिनिटं, की समोर घर. ओलांडायची नसेल तर खडकाची धार चढून वळसा, अडीच तास जास्त, आणि पाठीवर ओझं असेल तर कंबरडं मोडतं. म्हणून हमालांची एक जुनी रीत होती. बर्फ पडल्यावर जो पहिला घळ ओलांडेल, त्यानं आधी खालच्या काठावर बुटक्या पाइनची एक फांदी रोवायची. मागून येणाऱ्यानं फांदी बघायची आणि पुढे व्हायचं. फांदी लावणाऱ्यावर शंका घ्यायची नाही. ते म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणण्यासारखं. आमच्या हमालांत हे पाप दारू चोरण्यापेक्षा मोठं.

सिरिलनं फांदी पाहिली आणि पाठीवर बिअरचं पिंप घेऊन घळीत शिरला. मध्यावर पोचला तेव्हा घळ सुटली, वरचं सगळं बर्फ एकदम खाली आलं. दोन दिवसांनी सापडला. त्याची पोरगी डोरोता तेव्हा सहा वर्षांची होती.

त्या सकाळी त्याच्याआधी दोघे वर आले होते, वेंडेलीन आणि ब्लाझेय. फांदी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. ब्लाझेय पायाला चाकं लावल्यासारखा चालायचा, नेहमी पहिला तोच असायचा. तेव्हा फांदी त्याचीच, असं सगळ्यांनी धरलं. पुढे ब्लाझेय ऑस्ट्रियात कामाला गेला आणि तिथेच वारला. वेंडेलीन काही बोलला नाही. मीही बोलले नाही. त्यानंतर वेंडेलीननं कधी फांदी लावली नाही, आणि दुसऱ्याची दिसली तर उपटून टाकायचा. त्यावरून एकदोनदा मारामारीही झाली.

डोरोता मोठी झाली आणि बापाचीच चौकट पाठीला लावून आमच्या दारात उभी राहिली. मी तिला शिव्या घातल्या. तिची आई रडली. वेंडेलीननं मात्र तिला काही न बोलता फावडं दिलं आणि ठोकायला शिकवलं. पोरगी तिखट. त्याला काका म्हणायची आणि त्याचीच टिंगल करायची. "काकांनी ठोकून ठोकून बर्फाला पोक आलंय," असं.

त्या मार्चमधल्या बुधवारी ती धारेवरून आली ती कमरेला हात लावूनच.

"काका, आकाश बघा. काच आहे काच! आणि आपण बकऱ्यांसारखे धारेवरून. घळ ठीक असेल तेव्हा तरी एक फांदी लावत जा ना. तुमची फांदी असली तर मी डोळे मिटून जाईन."

"डोळे मिटून कशाला जायचं?" वेंडेलीन म्हणाला.

"कारण शुक्रवारी माझ्या पाठीवर गॅसची टाकी आहे. या हेर्मीना मावशींना सूप उकळायचंय, त्यासाठी माझी कंबर जाणार."

मी पळी उगारली. सगळे हसले. वेंडेलीनही हसला, आणि मला तेव्हाच बरं वाटलं नाही, असं आता म्हणणं सोपं आहे. खरं सांगते, मलाही हसूच आलं होतं.

गुरुवारी दुपारी तीनला वेंडेलीन घळ ओलांडून आला. येऊन सूप प्यायला आणि हळूच म्हणाला, "हेर्मीना, आज फांदी लावली."

"तू?"

"तीस ठोके दिले. दोन ठिकाणी. हललं नाही. वर नुसतं भुसभुशीत आहे, लादी नाहीच. पोरीची कंबर वाचेल." टोपीच्या लाल लोकरीचा एक धागा तोडून त्यानं त्या फांदीला बांधला होता, तिला कळावं म्हणून.

रात्री वारा सुटला. दक्षिणेचा, छतावरचे पत्रे वाजवणारा. मी कूस बदलली आणि झोपले. स्वयंपाकिणीला वारा म्हणजे धुराडं उलटं फुंकतं एवढंच.

सकाळी बाहेर धुकं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. माळ्यावर मुक्कामाला राहिलेला वेंडेलीन आठच्या आधीच बूट घालून दारात उभा.

"चल. फावडं धर."

"मी? माझं पीठ मळायचंय."

"हेर्मीना, चल."

त्याचा आवाज ऐकून मी पीठ तसंच टाकलं. घळीच्या वरच्या काठावर, जिथे उतार तोच पण खडकाचा आधार आहे, तिथे त्यानं खणायला घेतलं. काल दुपारी जिथे गुडघाभर भुसभुशीत होतं तिथे आता फावडं आपटलं की पोकळ वाजत होतं. वाऱ्यानं रात्रभरात पलीकडच्या उतारावरचं बर्फ उचलून इथे आणून ठासलं होतं. त्यानं खांब कापला, पातं ठेवलं. मनगटातून दहा ठोके. काही नाही.

कोपरापासून पहिला ठोका.

खांब मोडला नाही. सरकला. वरचा सगळा भाग एकसंध, गुळगुळीत, त्याच्या मांडीवर येऊन बसला. खाली साखर उघडी पडली.

"अकरा," तो म्हणाला.

त्यानं मांडीवरचं बर्फ झटकलं. मग म्हणाला, "ती किती वाजता निघते?"

"आज सहालाच निघणार होती. सहलीवाले यायच्या आत."

त्यानं घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस मिनिटं. "नऊला फांदीपाशी पोचेल."

फोन लावला. जंगलात फोन लागत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी तीनदा लावला. बचाव पथकाला लावला. त्यांनी सांगितलं, धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, माणसं पायी निघतील, तीन तास धरा. वेंडेलीन काठावर जाऊन ओरडला. "डोरोता! थांब!" वारा घळीतून वर भणाणत होता, त्यानं तो आवाज तोंडातूनच काढून नेला. मला दोन पावलांवर नीट ऐकू आला नाही.

"मी धारेवरून उतरतो," तो म्हणाला.

"दोन तास लागतील! ती नऊला पोचणार!"

"मग काय करू? इथे उभा राहू?"

तो घळीकडे बघत होता. दोनशे पावलं. मला त्याच्या मनातलं कळलं आणि मी त्याच्या कोटाची बाही धरली. "तू आत शिरलास तर घळ तूच सोडशील. आणि ती खाली काठावरच उभी असली तर?"

त्यानं बाही सोडवून घेतली आणि धारेकडे वळला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, धुक्यात, निसरड्या खडकावर, जवळजवळ धावत. दहा पावलांत दिसेनासा झाला.

आणि त्याच वेळी मागून घंटा वाजायला लागली.

आमच्या घरावर मोठी घंटा आहे. धुक्यात ती वाजवायची, वाटेवरच्या माणसाला घर कुठे आहे ते कळावं म्हणून. घंटा वाजली म्हणजे इकडे या, सरळ या. बोहुशनं खिडकीतून धुकं पाहिलं, डोरोता येणार हे त्याला ठाऊक, आणि भला माणूस दोरी ओढायला लागला. घंटेचा आवाज वाऱ्यालाही जुमानत नाही. जंगलापर्यंत जातो. आणि फांदीपासून घंटेपर्यंतची सरळ वाट तांब्याच्या घळीतून आहे.

धुक्यातून वेंडेलीनचा ओरडा आला, कुठून ते कळलं नाही. "घंटा बंद कर! हेर्मीना! घंटा!"

माझे गुडघे दोन्ही गेलेले. सव्वीस वर्षांत मी त्या अंगणात धावले नव्हते. त्या दिवशी धावले, एकदा पडले, उठले. बोहुश ओसरीवर पाय रोवून दोरी ओढत होता.

"सोड!"

"वेडी झालीस का? पोर धुक्यात आहे!"

"घळ भरलीये! तू तिला घळीत बोलावतोयस!"

त्याला कळेपर्यंत अजून दोन टोले पडले असते. मी बाकावर चढले आणि घंटेचा लोलक हातांनी धरला. थंड लोखंडाला तळव्याचं कातडं चिकटलं. घंटा अर्ध्या टोल्यात गप्प झाली.

बोहुश हळू म्हणाला, "आणि आवाज नाही म्हणून ती भरकटली तर?"

आवाज केला तर घळ, नाही केला तर धुकं. पातेलं वाजवावं म्हटलं तर तेही 'या' असंच ऐकू जाणार. थांब म्हणणारा आवाजच आमच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत कुणाला त्याची गरज वाटली नव्हती, याचा मला संताप आला. दोघे ओसरीवर उभे राहिलो. नऊ वाजले. नऊ वाजून दहा झाले. माझ्या तळव्यातून रक्त येत होतं, ते बोहुशनं बघितलं आणि आपला रुमाल बांधला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आधी एक हुंकार आला, पायाखालून. मग गडगडाट. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे कप वाजले. ओसरीवर बारीक बर्फाचा फवारा आला आणि बसला.

घळ सुटली होती.

बोहुशनं टोपी काढली. मी त्याच्या हातावर चापट मारली. "घाल ती डोक्यावर! कोण मेलंय?" म्हणाले, आणि आत जाऊन पीठ मळायला लागले. एका हातानं मळत होते आणि रडत होते. त्या पिठाची पोळी कुणी खाल्ली नाही, रक्त लागलं होतं.

साडेअकराला धुक्यातून धारेच्या बाजूनं काहीतरी हललं. पुढे वेंडेलीन, रिकामा, काठी टेकत. मागे चौकट, चौकटीवर गॅसची निळी टाकी, आणि तिच्याखाली लाल तोंडाची डोरोता.

"घंटा कुणी बंद केली?" हे तिचे पहिले शब्द.

"मी," मी म्हणाले.

"तरी म्हटलं. घंटा मध्येच थांबली म्हणजे एकतर दोरी तुटली, नाहीतर हेर्मीना मावशींनी कुणाचातरी गळा धरला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "मी लवकर पोचले होते, फांदीपाशीच होते. निघणारच होते, एक पाय आत टाकला होता. टोला अर्धाच आला. आमची घंटा कधी अर्धी वाजत नाही. म्हणून पाय मागे घेतला आणि फावडं काढलं. बाराव्याला सरकलं. मग धारेला लागले, आणि वीस मिनिटांत मागे सगळं गेलं."

मी तिला धरलं. गॅसच्या टाकीसकट धरलं. मग दोघांना आत बसवून सूप वाढलं. ओझं न सोडताच ती बाकाच्या कडेला टेकली. मुठीत काहीतरी होतं, ते तिनं टेबलावर ठेवलं. फांदी. लाल लोकर बांधलेली.

"ही लावताना किती ठोके दिले होते, काका?"

"तीस. हललं नाही." वेंडेलीन वाडग्यात बघत होता. "काल तीन वाजता."

"काल," ती म्हणाली.

"हो. काल."

"आणि बाबांच्या दिवशी? ब्लाझेयनं किती दिले असतील?"

मी चुलीकडे तोंड फिरवलं. ब्लाझेय ऑस्ट्रियाच्या मातीत होता, तो काही सांगायला येणार नव्हता. वेंडेलीननं नुसता खांदा उडवला असता तरी भागलं असतं. एकोणीस वर्षं भागलं होतं. चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ब्लाझेय माझ्या मागून आला त्या दिवशी," तो म्हणाला. "फांदी माझी होती. ठोकलं नव्हतं. तेव्हा मी ठोकतच नसे."

मग मला गप्प बसवेना. "त्या सकाळी पहिलं सूप मी यालाच वाढलं होतं," मी म्हणाले. "मलाही ठाऊक होतं, डोरोता."

ती उठली. टाकी सोडून कोपऱ्यात लावली. बटाटे खाली तळघरात नेले. माझं मलम खिडकीत ठेवलं, नेहमीच्या जागी. रिकामी चौकट पाठीला लावली. वेंडेलीन उठून म्हणाला, "मी येतो सोबत." ती म्हणाली, "नको." जाताना टेबलावरची फांदी उचलली, चुलीचं दार उघडलं, आत टाकली आणि गेली. सूप तसंच राहिलं.

दहा दिवस तिच्या जागी दुसरे आले. वेंडेलीन रोज सकाळी जाऊन ठोकायचा, येऊन आकडा मला सांगायचा आणि वर माळ्यावर जाऊन बसायचा. खाली गावात गेला नाही. मांजर शेजारणीनं सांभाळली. मी म्हणाले, "जा, भेट तिला." तो म्हणाला, "काय तोंडानं?" माझंही तोंड तेच होतं.

मध्ये दोनदा बर्फ पडलं. अकराव्या दिवशी उघडलं. वारा नाही, ऊन. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अलीकडच्या काठावर वेंडेलीन खड्ड्यात गुडघ्यांवर. पलीकडे, जिथे फांदी लावत त्या जागी, पाठीवर चौकट घेतलेलं एक लहानसं माणूस येऊन थांबलं. चौकट उतरवली. फावडं काढलं.

मी खिडकी उघडली.

घळीच्या दोन्ही काठांवरून टकटक येत होती. कधी याची, कधी तिची. मग दोन्ही थांबल्या.

"काका!" पलीकडून आवाज आला. "किती?"

वेंडेलीन उभा राहिला. "सतरा!" तो ओरडला. "तुझे?"

"अठरा! सरकलं!"

"मग?"

"मग काय मग? कंबर मोडणार माझी!"

"मोडू दे!" तो ओरडला. "धारेनं ये!"

तिनं चौकट उचलली, खांदे आत घातले आणि धारेकडे वळली. वेंडेलीन ती दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभा होता. मी कोबी चिरायला घेतला. तिला पोचायला अजून अडीच तास होते.